बाख, मोग आणि बाजाची पेटी

जुन्या वाद्यरचनेला नवे रूप द्यावे की देऊ नये, हा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून निघतो आणि बहुधा चुकीच्या ठिकाणी निघतो. धर्मग्रामातील एखादा तरुण घरच्या कीबोर्डवर बाखची एखादी रचना वाजवतो, मोबाइलवर वा संगणकावर मुद्रित करतो आणि चार जणांना ऐकवतो. लगेच ज्येष्ठांच्या कपाळावर आठ्या उमटतात. अभिजात संगीताची ही विटंबना आहे, असे म्हटले जाते. हीच ज्येष्ठ मंडळी लग्नाच्या मिस्सेत गुनोचे 'आव्हे मारिया' सुरू झाले की डोळे मिटून ऐकतात. ते 'आव्हे मारिया' म्हणजे एका जुन्या वाद्यरचनेवर परक्या हाताने केलेला फार मोठा हस्तक्षेप आहे, हे त्यांच्या ध्यानी नसते. ते ध्यानी आणून देऊन कुणाचा आनंद हिरावून घेण्याचा येथे हेतू नाही. पण नवे रूप केव्हा मूळ रचनेला जागते आणि केव्हा तिला गिळते, हे ठरवायचे असेल तर या सर्वांच्या लाडक्या उदाहरणापासूनच आरंभ केला पाहिजे.

योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) यांनी १७२२ मध्ये चोवीस प्रिल्यूड व फ्यूग यांचा एक संग्रह सिद्ध केला. त्यातले पहिले प्रिल्यूड अवघ्या पस्तीस बारांचे आहे. (पाश्चात्त्य स्वरलेखनात दोन उभ्या रेषांमधल्या खंडास वादक 'बार' म्हणतात, आपणही तोच शब्द वापरू.) या प्रिल्यूडमध्ये गुणगुणता येईल अशी चाल नाही. प्रत्येक बारात काही स्वर एकामागून एक उलगडतात, पुन्हा उलगडतात, आणि पुढच्या बारात त्यांतील एखाददुसरा स्वर किंचित सरकतो. त्या सरकण्यातच सारे नाट्य आहे. नदीच्या पात्रात पाणी एकाच चालीने वाहताना दिसावे आणि तळाशी मात्र वाळू जागा बदलत असावी, तसे हे आहे.

शार्ल गुनो (१८१८–१८९३) या फ्रेंच संगीतकाराने या प्रिल्यूडवर एक स्वतंत्र चाल बसवली. ती १८५३ मध्ये वाद्यांसाठीचे एक 'चिंतन' म्हणून प्रसिद्ध झाली आणि १८५९ मध्ये तिला लॅटिन प्रार्थनेचे शब्द मिळाले. चाल सुंदर आहे, यात वाद नाही. पण तिच्या आगमनाबरोबर बाखची रचना साथीदार बनली. जे ऐकण्याचे होते ते मागे गेले आणि जे नव्हतेच ते पुढे आले. आज जगातील कोट्यवधी लोकांना ते प्रिल्यूड स्वतंत्रपणे ऐकवले तर 'गाणे केव्हा सुरू होणार?' असे वाटते. नव्या रूपाने जुन्या रचनेची ऐकण्याची सवयच बदलून टाकली, हा त्याचा खरा परिणाम होय.

यात आणखी एक गंमत आहे. गुनो यांच्यासमोर जी छापील प्रत होती तीत पस्तीसऐवजी छत्तीस बार होते. मूळच्या बाविसाव्या आणि तेविसाव्या बारांमध्ये खालचा स्वर एक अवघड उडी घेतो; कानाला क्षणभर ठेच लागते. हॅम्बुर्गच्या श्वेंके नावाच्या संगीतज्ञाच्या प्रतीत ही ठेच बुजवणारा एक जास्तीचा बार आला आणि पुढे छापील आवृत्त्यांतून तो फिरत राहिला. गुनो यांची चाल त्या घुसडलेल्या बारासह रचलेली आहे. सेमिनरीत पवित्र शास्त्राच्या हस्तलिखितांचा अभ्यास करताना एक नियम शिकवीत असत. दोन पाठांत फरक आढळला तर जो पाठ अधिक अवघड, तो बहुधा मूळचा. कारण नक्कल करणारा लेखनिक अवघड जागा सोपी करतो, सोपी जागा अवघड करीत नाही. हाच नियम सुरांनाही किती चपखल लागू पडतो! बाखने ठेच ठेवली होती. दुसऱ्याने ती प्रेमापोटी गुळगुळीत केली. तिसऱ्याने त्या गुळगुळीत जागेवर घर बांधले.

तर मग जुन्या रचनेस हातच लावू नये काय? तसे म्हणणे खुद्द बाखला मान्य झाले नसते. विवाल्दीच्या १७११ मधल्या संग्रहातील चार व्हायोलिनांचा कॉन्चेर्टो घेऊन बाखने तो चार हार्प्सिकॉर्डांसाठी पुन्हा लिहिला. स्वतःच्या रचनाही त्याने सोडल्या नाहीत. एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या एका पार्तितेचे (तिची प्रत १७२० ची आहे) पहिले प्रकरण त्याने १७३१ मध्ये लाइप्झिगच्या नगरपरिषदेच्या सोहळ्यासाठी ऑर्गन आणि वाद्यवृंदावर चढवले. एकाकी तंतुवाद्याची ती धाव तुताऱ्या-नगाऱ्यांच्या थाटात शोभून दिसली. आपल्या मराठी रंगभूमीचे उदाहरण तर घरचेच आहे. १९११ च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंबे यांनी आणि १९१६ च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखले यांनी मैफिलीतील जुन्या चिजांना नाट्यपदांचे नवे देह दिले. त्यांना कुणी विटंबना म्हटले नाही. त्या पदांनी रागदारी मराठी घरांत नेली. म्हणजे हात लावणे हा दोष नव्हे. हात लावणाऱ्यास रचनेचे हाड कोणते आणि वस्त्र कोणते हे कळले आहे काय, एवढाच प्रश्न उरतो.

या दृष्टीने एका ध्वनिमुद्रणाचा थोडा विस्ताराने विचार करावयाचा आहे. वेंडी कार्लोस यांची 'स्विच्ड-ऑन बाख' ही ध्वनिमुद्रिका १९६८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने प्रसिद्ध केली. ती बनली मात्र न्यूयॉर्कमधल्या एका घरगुती स्टुडिओत. रॉबर्ट मोग यांनी बनवलेले सिंथेसायझर नावाचे विद्युत्‌वाद्य आणि कार्लोस यांनी जुने भाग जोडून स्वतः तयार केलेला आठ पट्ट्यांचा टेपरेकॉर्डर, एवढ्या सामग्रीवर हे काम झाले. निर्मातीच्या भूमिकेत रेचेल एल्काइंड होत्या. संगीतात इलेक्ट्रॉनिक म्हणजे केवळ चमत्कारिक आवाज, अशी समजूत असण्याच्या त्या काळात या मुद्रिकेच्या लाखो प्रती खपल्या आणि १९७० मध्ये तिला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. खपाला आणि पुरस्काराला समीक्षेत फारसे महत्त्व देऊ नये. परंतु एका घरगुती मुद्रणाने अभिजात संगीताच्या दरबारात केलेला हा प्रवेश नोंदवला पाहिजे.

मोगच्या त्या वाद्याची एक मर्यादा होती, आणि माझ्या मते तीच या मुद्रिकेची कृपा ठरली. ते एका वेळी एकच स्वर काढू शके. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तरी आवाज एकाच स्वराचा. शिवाय त्याचा सूर सतत सरकत असे; थोडा तुकडा वाजवायचा, थांबायचे, सूर लावायचा, पुन्हा पुढचा तुकडा. या पद्धतीने एक स्वररेषा पूर्ण झाली की टेप मागे घेऊन तिच्या जोडीला दुसरी, मग तिसरी. साऱ्या कामास सुमारे हजार तास लागले, असे सांगितले जाते. बासरीवाला किंवा सारंगिया जसा एका वेळी एकाच रेषेला वाहिलेला असतो, तसे कार्लोस यांना प्रत्येक रेषेला स्वतंत्रपणे वाहून घ्यावे लागले. पियानोवर दोन हात दोन रेषा वाजवतात तेव्हा कितीही केले तरी मन एका हाताकडे झुकते. येथे दुसरा हातच नव्हता. प्रत्येक रेषा आपल्या पाळीला उजवा हात झाली.

बाखचे संगीत अशा वागणुकीची वाट पाहत असावे, असे ही मुद्रिका ऐकताना वाटते. कारण त्याच्या रचनांचे हाड आवाजाच्या रंगात नाही. ते रेषांच्या परस्परसंबंधात आहे. मुद्रिकेतील पहिलीच रचना म्हणजे वर सांगितलेली, व्हायोलिनवरून ऑर्गनवर गेलेली १७३१ ची ती धाव. म्हणजे कार्लोस यांनी नव्या रूपाचेच नवे रूप केले. 'वाखेट आउफ' ही रचनाही तशीच. बाखने आपल्या एका कॅन्टाटातील भाग आयुष्याच्या उत्तरार्धात ऑर्गनसाठी उतरवला होता. त्यात आधी एक स्वतंत्र चाल डौलात चालू लागते आणि मग जणू तिची दखलही न घेता जुने स्तोत्र संथपणे तिच्यामधून वाट काढते. कार्लोस यांच्या मुद्रणात या दोघींचे आवाज इतके निराळे आहेत की प्रथम ऐकणाऱ्यालाही दोन प्रवासी स्पष्ट दिसावेत.

गुनो आणि कार्लोस यांना शेजारी ठेवून पाहिले म्हणजे फरक कळतो. गुनो यांनी वाद्य बदलले नाही, काळ बदलला नाही, भाव तर धार्मिकच ठेवला. तरी रचना बदलली. कार्लोस यांनी बाखला स्वप्नातही न दिसलेले यंत्र आणले, विजेचा आवाज आणला. रचना मात्र जागच्या जागी राहिली. ऐकणाऱ्याला परका वाटणारा आवाज अधिक प्रामाणिक आणि ओळखीचा गोडवा कमी प्रामाणिक, असे विपरीत सत्य येथे मान्य करावे लागते. प्रार्थना म्हणून 'आव्हे मारिया'चे मोल यामुळे उणे होत नाही. पण बाखचे वाचन म्हणून ते फार सैल आहे.

मुद्रिका निर्दोष मुळीच नाही. 'एअर' या नावाने प्रसिद्ध असलेली संथ रचना तीत फसली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे लांब स्वर श्वासावर तोलावा लागतो. व्हायोलिनचा गज किंवा मनुष्याचा गळा तो तोलतो. कार्लोस यांच्या विनंतीवरून मोग यांनी बोटाचा दाब ओळखणारी पट्टी करून दिली होती, तरीही तो श्वास सापडत नाही. तिसऱ्या ब्रँडेनबुर्ग कॉन्चेर्टोत रंग वारंवार बदलले आहेत. मूळ वाद्यवृंद केवळ तंतुवाद्यांचा, म्हणजे एकाच कुळाचा आहे, हे तेथे विसरल्यासारखे होते. त्या कॉन्चेर्टोच्या मधल्या प्रकरणाच्या जागी बाखने फक्त दोन कॉर्ड लिहून ठेवले आहेत. वादकांनी तेथे स्वतःचे काही वाजवावे असा संकेत मानला जातो. कार्लोस यांनी ती मोकळीक घेतली आणि आवाजांचे एक जंगल उभे केले. ते मला आवडत नाही. पण ते रिकाम्या जागेत उभे केले आहे, कुणाच्या अंगणात नाही, हेही सांगितले पाहिजे. १९९२ मध्ये कार्लोस यांनी हीच मुद्रिका प्रगत यंत्रांवर पुन्हा केली आणि यावेळी आजच्या समान अंतरांच्या स्वरसप्तकाऐवजी बाखच्या काळच्या स्वरलावणीचा आधार घेतला. पेटीच्या ठरीव सुरांविरुद्ध आपल्याकडे झालेला वाद ज्यांना ठाऊक आहे (आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके पेटीला दार बंद ठेवले होते), त्यांना त्या प्रयत्नाचे महत्त्व सांगावे लागणार नाही. तरीही पहिल्या मुद्रणातली झटापट दुसऱ्यात नाही. सारे स्वच्छ आहे, आणि थोडे निरस आहे.

आता या सगळ्याचा भंडारा जिल्ह्यातल्या कीबोर्डशी संबंध काय, असे वाचक विचारतील. पाइप ऑर्गन आमच्या भागातील तरुणांनी बहुतांशी ध्वनिमुद्रणातच ऐकलेला असतो. त्यांचे संगीताचे शिक्षण भजनी मंडळात, नाताळच्या गायनपथकात आणि दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांच्या मांडवात होते. कीबोर्ड त्यांना सुलभ आहे, आणि त्या कीबोर्डवर एक बटण असते. ते दाबले की ढोल, बास, गिटार आपोआप चालू होतात; डाव्या हाताने एक कॉर्ड धरला की यंत्र उरलेले सारे भरून काढते. बाखची रचना या बटणाच्या हवाली केली म्हणजे वरची रेषा 'चाल' होते आणि खालची रेषा नाहीशी होते. गुनो यांनी निदान काही नवे रचले होते. बटण काहीच रचत नाही. अशा मुद्रणांवर ज्येष्ठांनी आठ्या घातल्या तर त्या योग्यच आहेत. मात्र 'हे यंत्र चर्चमधले नव्हे' हे त्यांचे कारण टिकणारे नाही. १९०३ मध्ये दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानोलाही मनाई केली होती. १९६३ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक दस्तऐवजाने पाइप ऑर्गनचा मान राखूनही, पवित्र उपयोगास योग्य ठरतील अशा इतर वाद्यांना दार उघडले. आक्षेप वाद्यावर नको, खालची रेषा पुसण्यावर हवा.

खालची रेषा ऐकण्याची शक्ती आपल्या कानांत नाही, हा समजही खरा नाही. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलेखन शिकून मुंबईत आलेल्या अँथनी गोन्साल्विस, सेबास्तियन डिसोझा आदी कलावंतांनी हिंदी चित्रपटगीतांत मूळ चालीला समांतर चालणाऱ्या व्हायोलिनच्या रेषा किती सहजपणे गुंफल्या! ती गाणी आपण नकळत दोन कानांनी ऐकत आलो आहोत. सलील चौधरी यांनी 'छाया' (१९६१) या चित्रपटात मोत्सार्टच्या चाळिसाव्या सिंफनीचा आरंभ उचलला, तोही उघडपणे, आणि पुढे ते आपल्या वाटेने गेले. तो नव्या गीताचा मार्ग झाला. जुनी रचनाच पुन्हा ऐकवायची असेल तर मार्ग कार्लोस यांचा, आणि त्यासाठी मोगचे यंत्र लागत नाही.

कारण एका वेळी एकच रेषा काढणारे वाद्य आपल्या घरोघरी आहे. बाजाच्या पेटीवर एक हात भात्याला गुंतलेला असतो. वाजवायला उरतो एकच. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडील एका तरुणाने पेटीवर बाखचे डी मायनरमधील 'इन्व्हेन्शन' मुद्रित केले, ते या विचारातूनच. 'स्विच्ड-ऑन बाख'मध्येही ही रचना आहे. मुळात ती घरातलीच. थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान नऊ वर्षांचा असताना, १७२० मध्ये, बाखने त्याच्यासाठी एक वही सुरू केली. तीत या दोन रेषांच्या लहान रचना प्रथम आल्या आणि १७२३ मध्ये त्यांची सुबक प्रत तयार झाली. दोन रेषा स्वच्छ वाजवता याव्यात, हा त्यांचा उद्देश बाखने स्वतः नोंदवला आहे. तरुणाने पांढरी दोनला षड्ज धरला, वरची रेषा मोबाइलवर मुद्रित केली, ती कानात ऐकत खालची रेषा वाजवली आणि दोन्ही एकत्र केल्या. मागून सतत वाजणारा सूर बंद ठेवावा लागला. त्याचे कारण पुढे येईल. ठेका नाही, बटण नाही.

हे मुद्रण भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या एका गृहस्थांना ऐकवले. पहिल्या दोन बारांतच ते म्हणाले, हा किरवाणी. आणि ते खरेच आहे. सा रे, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल धैवत अशी सहा स्वरांची चढण. मग एकदम मंद्रातला शुद्ध निषाद. तेथून पुन्हा कोमल धैवतावर उडी आणि पायऱ्यांनी उतरण. प्रत्येक बारात सहा स्वर, दादऱ्याच्या एका आवर्तनाएवढे. दोन बार झाले की खालची रेषा तीच ओळ एका सप्तकाने खाली घेऊन येते, गुरूच्या मागून शिष्याने घ्यावी तशी. त्या जागी गृहस्थांनी मान डोलावली. या रचनेत लांबलेली मुरकी आधी वरच्या रेषेत येते, नंतर खालच्या; त्या वेळी दुसरी रेषा बोलत राहते. पेटीवर ही मुरकी पियानोपेक्षा सरस वाजते, कारण भाता तिला विझू देत नाही. भात्याच्या दमाने स्वर किंचित फुगतो, किंचित ओसरतो. कार्लोस यांच्या 'एअर'मध्ये जो श्वास सापडला नाही तो येथे फुकट मिळतो. उलट वेगात पेटीची पट्टी खटखटते आणि मुद्रणात ती खटखट स्पष्ट ऐकू येते. ती काढून टाकावी असे तरुणाचे मत होते. मी ती राहू द्यावी म्हटले.

अठराव्या बाराशी मात्र ते गृहस्थ थबकले आणि त्यांनी विचारले, "सा कुठे गेला?" प्रश्न बरोबर होता. तोवर बाखने शुद्ध निषाद सोडून कोमल निषाद धरलेला असतो आणि रचना कोमल गंधारावर, म्हणजे पांढरी चारवर, येऊन विसावते. मागे षड्जाचा सूर चालू ठेवला असता तर याच ठिकाणी तो बेसूर वाटला असता. पुन्हा ऐकताना त्यांनी पांढरी चारला षड्ज मानून पाहिले, आणि त्या टप्प्यापुरता बिलावल समोर आला. आपल्या शास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात, असे ते स्वतःच म्हणाले. अडतिसाव्या बारात पंचम षड्ज होतो, तेथे ते न थबकता पुढे गेले. बावन्नाव्या बारात मूळ षड्ज परत आल्यावर त्यांनी ते मुद्रण तिसऱ्यांदा लावायला सांगितले, यावेळी फक्त खालची रेषा.